भाऊजींची बॅग बेवारस होईना

भाऊजी हे काही त्यांचं नाव नव्हे. ते मेहुण्याचे भाऊजी. पण मेहुण्याच्या ऑफिसात ते कामाला लागले त्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर "भाऊजी, इकडे बसा" म्हटलं आणि शिक्का बसला. हिशेब पाहणारी मुलगी त्यांना भाऊजी म्हणू लागली, ड्रायव्हर म्हणू लागला, आणि खालच्या टायरच्या दुकानाचा मालक, जो त्यांच्यापेक्षा चांगला वयस्कर होता, तोही म्हणू लागला. एखाद्याचं तोंडच असं असतं की समोरच्याला त्याच्याशी काहीतरी नातं जोडल्याशिवाय राहवत नाही. पुढे सगळा घोटाळा झाला तो या तोंडामुळेच.

त्याआधी त्यांची सगळी उमेद चपला-बुटांच्या दुकानात गेली होती. गिऱ्हाइकासमोर गुडघा टेकून बसायचं, पायात जोड चढवायचा, अंगठ्यापाशी दाबून पाहायचं आणि मान वर करून हळूच सांगायचं, "हा घेऊ नका, चावेल." गल्ल्यावरचा मालक कपाळाला हात लावायचा. पण तेच गिऱ्हाईक पुढच्या खेपेला सगळं घरदार घेऊन यायचं, म्हणून मालकाने त्यांना कधी हलवलं नाही. मालक वारला, मुलांनी दुकान विकून टाकलं आणि भाऊजी घरी बसले.

घरी बसलेल्या नवऱ्याला ताईंनी बरेच दिवस सोसलं. ताई म्हणजे भाऊजींची बायको, मेहुण्याची थोरली बहीण. भाऊजींनी घरातले सगळे जोड पॉलिश करून संपवले, मग शेजाऱ्यांचे मागून आणायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्यांचे बूट आपल्या गॅलरीत वाळत पडलेले दिसले तेव्हा ताईंनी भावाला फोन केला आणि सांगितलं, यांना काहीही काम दे, पण घराबाहेरचं दे.

मेहुण्याचा धंदा सांगायला अवघड होता. तो स्वतः "वाहतूक सुरक्षा प्रशिक्षण आणि आपत्कालीन सराव सहाय्य" असं एका दमात म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून मग म्हणायचा, "म्हणजे बसस्टँडवर खोटी संकटं आणायची आणि खरी आली तर काय करायचं ते शिकवायचं." पूर्वी त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती. परिवहन मंडळाने या कामाचं टेंडर काढलं, त्याने भरलं, आणि इतरांचे कागद अपुरे निघाल्याने कंत्राट त्याच्या गळ्यात पडलं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत त्याने प्रोजेक्टर आणला, दोन स्ट्रेचर आणले, खोट्या रक्ताच्या बाटल्या आणल्या. प्रथमोपचार शिकवायला एक प्लास्टिकचा माणूसही आणला. तो कोपऱ्यात खुर्चीवर शर्ट घालून बसलेला असे, आणि नवा आलेला माणूस आधी त्यालाच नमस्कार करी. भाऊजींनीही केला.

काम ऐकून भाऊजी चकितच झाले. बसस्टँडवर जायचं, गर्दीच्या जागी बॅग ठेवायची आणि निघून यायचं. एवढंच. मग बघायचं की तिथल्या सुरक्षारक्षकाला बॅग दिसते का; दिसली तर तो तिला हात न लावता लोकांना लांब करतो का, आणि कंट्रोल रूमला कळवतो का. आधी या कामावर एक बेकार नट होता. तो बॅग घेऊन इतक्या वेळा मागे वळून पाहायचा की फाटकातच धरला जायचा. मेहुण्याला आता चारचौघांत उठून न दिसणारा माणूस हवा होता. भाऊजींकडे पाहून त्याला वाटलं, देवाने हा माणूस याच कामासाठी घडवला.

पहिल्या दिवशी भाऊजींनी फलाटाजवळच्या बाकाखाली बॅग सरकवली आणि नाकासमोर चालत फाटकाकडे निघाले. फाटक गाठायच्या आतच मागून हाका आल्या. एक बाई, कडेवर मूल, दुसऱ्या हातात भाऊजींची बॅग, धापा टाकत येत होती. "काका, बॅग राहिली तुमची." भाऊजींनी बॅग घेतली, आभार मानले, मुलाच्या गालाला बोट लावलं, आणि खांबाआड उभ्या असलेल्या मेहुण्याकडे पाहून हसले. मेहुणा हसत नव्हता.

पुढच्या खेपेला त्यांनी बॅग चहाच्या टपरीजवळ ठेवली. चहावालीने ती उचलून आत स्टोव्हशेजारी सांभाळून ठेवली, आणि भाऊजी परत येईनात म्हणून गिऱ्हाइकांना त्यांचं वर्णन करून विचारत बसली. त्याच्या पुढच्या खेपेला एका हमालाने ती डोक्यावर घेतली, भाऊजी ज्या गाडीच्या दिशेने चालले होते त्या गाडीच्या टपावर चढवली आणि पैसेही मागितले नाहीत. ती बॅग दुसऱ्या गावाला गेली. मेहुण्याच्या ड्रायव्हरला ती आणायला गाडी काढावी लागली.

मेहुण्याने मग वेषांतराचा घाट घातला. काळा चष्मा, गळ्याशी बटणं लावलेला लांब कोट, डोक्यावर टोपी. ताईंनी नवऱ्याला आरशासमोर उभं केलं, जरा संशयास्पद बघा म्हणाल्या, आणि हसत हसत खाटेवर बसल्या. स्टँडवर तर कहरच झाला. काळा चष्मा पाहून एका कॉलेजातल्या पोराने त्यांना आंधळं ठरवलं, दंडाला धरून राखीव बाकावर नेऊन बसवलं आणि बॅग मांडीवर ठेवून दिली. जाताना बॅगेचा पट्टा त्यांच्या मनगटाला गुंडाळून गेला, म्हणजे चोरीला जाऊ नये.

खरं सांगायचं तर भाऊजी खुशीत होते. रोज संध्याकाळी घरी येऊन ते ताईंना आज बॅग कोणी परत केली ते रंगवून सांगायचे. लोक उगाच म्हणतात जग बिघडलं, पण बॅग ठेवून बघा म्हणावं. ताई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माझा भाऊ बुडाला तर तुमच्या या चांगल्या जगातच बुडेल."

बुडण्याची वेळ आलीच. मंडळाने या सरावांवर देखरेखीला एक अधिकारीबाई पाठवल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या, खुर्ची दिली तरी उभ्या राहणाऱ्या. त्या आल्या त्याच दिवशी स्टँडवर पैलवानची पाळी होती. पैलवान म्हणजे तिथला जुना सुरक्षारक्षक. अंगाने काडी. पण तरुणपणी त्याने म्हणे एका माणसाच्या पायावर पडलेली मोटारसायकल एकट्याने उचलली होती, तेव्हापासूनचं हे नाव. पैलवानने भाऊजींना बॅग विसरून जाताना पाहिलं, शिट्टी तोंडातून काढली, बॅग उचलली आणि दुखऱ्या गुडघ्याने लंगडत लंगडत रस्त्यापर्यंत धावत जाऊन त्यांच्या हातात दिली. वर म्हणाला, "काका, या वयात सांभाळून राहावं." भाऊजी नुकतेच पेन्शनीच्या वयाला आले होते. पैलवान त्यांच्याहून फार लहान नव्हता.

अधिकारीबाईंनी सगळं पाहिलं होतं. प्रवाशांचं एक वेळ ठीक, त्या म्हणाल्या. पण ज्याला यासाठीच नेमलंय, प्रशिक्षण देऊन झालंय, त्याने बेवारस बॅग हातात घेऊन गर्दीतून पळावं, हे त्या वर कळवणार. पुढच्या सरावात सुधारणा दिसली नाही तर त्याला या कामावरून काढावं लागेल. आणि प्रशिक्षण कोणी दिलं, हाही प्रश्न निघेलच, असं मेहुण्याकडे बघून त्यांनी शांतपणे जोडलं.

त्या रात्री भाऊजी ताटावरून उठून मेहुण्याकडे गेले. पैलवानला वाचव म्हणून त्याला परोपरीने विनवलं. मेहुणा म्हणाला, माझ्या हातात काही नाही, गुरुवारच्या सरावात पैलवानने नीट केलं तर त्याचीही नोकरी वाचेल आणि माझंही कंत्राट.

मग भाऊजींनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी कट रचला. सकाळी ते स्टँडवरच्या केबिनमध्ये गेले, पैलवानला आपण कोण ते सांगितलं, आणि गुरुवार, दुपार, चौकशीच्या खिडकीसमोरचं बाक, निळी बॅग, असं सगळं कानात सांगून टाकलं. पैलवानला आधी समजेचना. समजलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग त्याने विचारलं की बॅग म्हणजे कालचीच का, ती तर छान होती. दोघेही सरळ माणसं. कट कसा पार पाडायचा असतो हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी पैलवान सकाळपासून त्या बाकासमोर उभा राहिला. बाकाकडे तो असा डोळे वटारून बघत होता की दुपारपर्यंत तिथे कोणी बसायला धजलं नाही. भर गर्दीत ते एक बाक रिकामं. एका म्हाताऱ्याने रंग ओला आहे का म्हणून विचारलं.

दुपारी भाऊजी फाटकातून आत आले. खांद्याला निळी बॅग. ती दिसताक्षणी पैलवानला धीर धरवेना. त्याने शिट्टी फुंकली, दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "लांब व्हा, लांब व्हा, बेवारस बॅग!"

सगळा स्टँड थबकला. लोक बॅग शोधू लागले. बॅग भाऊजींच्या खांद्यावर होती. पण शब्द दिला होता. ते घाईघाईने बाकापर्यंत गेले, बॅग खाली ठेवली, आणि पैलवानजवळून जाताना पुटपुटले, "आता ओरडा." पैलवान पुन्हा ओरडला. तेवढ्यात चहावालीने टपरीतून मान बाहेर काढून, ही बॅग काकांचीच ना हो, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

चौकशीच्या खिडकीच्या आत अधिकारीबाई उभ्या होत्या.

त्यांनी भाऊजी, पैलवान आणि मेहुणा अशा तिघांनाही केबिनमध्ये बोलावलं. बॅग खाली ठेवायच्या आधीच बेवारस कशी झाली, एवढंच त्यांनी पैलवानला विचारलं. पैलवानने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. मेहुणा भिंतीला टेकला. त्याला ड्रायव्हिंग स्कूलची जुनी पाटी माळ्यावर कुठे ठेवली आहे ते आठवायला लागलं होतं.

"का सांगितलंत?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"मॅडम, गुडघा दुखत असताना हा माणूस माझी बॅग घेऊन धावत आला. त्याबद्दल त्याची नोकरी जावी, हे माझ्या मनाला पटेना."

अधिकारीबाई रागावल्या नाहीत. त्या पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. "त्या बॅगेत खरंच काही असतं, तर तो गुडघाही उरला नसता आणि माणूसही," त्या म्हणाल्या. "चांगल्या मनाने उचलली म्हणून बॅग फुटायची थांबत नाही. आणि खरी बॅग ठेवायला येणारा काळा चष्मा लावून येईल असं वाटतं तुम्हाला? तो तुमच्यासारखाच दिसेल. काका म्हणावंसं वाटेल असा."

भाऊजी घरी पायीच आले. डोळ्यांसमोर ती कडेवर मूल घेतलेली बाई येत होती. तिच्या पोराच्या गालाला आपण बोट लावलं होतं. इतके दिवस जी माणसं त्यांनी घरी येऊन कौतुकाने सांगितली, ती एकेक करून त्यांना आता वेगळीच दिसू लागली, आणि आपल्या तोंडाचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. आरशासमोर ते बराच वेळ उभे होते. ताईंनी विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, आणि उद्यापासून जाणार नाही म्हणाले.

ताई भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "भीड भिकेची बहीण. तुमचं तोंड पाहिलं की लोकांना भीड पडते. नाही म्हणवत नाही. लग्न झालं तेव्हा मलाही म्हणता येत नव्हतं. घरात जुन्या बुटांचा ढीग झाला, मग शिकले. सरावाने येतं ते."

"मग?"

"मग त्यांना करू दे की सराव. तुमच्यावरच. तुम्हाला ज्याने नाही म्हटलं, तो कोणालाही नाही म्हणेल."

मेहुणा दुसऱ्या दिवशी अधिकारीबाईंकडे गेला. चूक कबूल केली, आणि बहिणीची युक्ती स्वतःची म्हणून मांडली. त्यांनी ऐकून घेतलं, ही कल्पना कोणाची असं विचारलं, आणि मेहुण्याला खरं सांगावं लागलं. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, सगळं प्रशिक्षण पहिल्यापासून घ्या, आणि त्या बाईंनाही बोलवा.

डेपोच्या वरच्या मजल्यावर, कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत वर्ग भरला. या खेपेला नुसते रक्षक नव्हते. चहावाली होती, हमाल होते, तिकीट खिडकीवरची माणसं होती. प्रोजेक्टर बंदच ठेवला. समोर भाऊजी, पायाशी बॅग. एकेकाने पुढे यायचं, आणि बॅग उचलायला निघालेल्या भाऊजींना थांबवून दोरीपलीकडे पाठवायचं. बस्स.

पहिल्या दिवशी एकालाही जमलं नाही. एक रक्षक जोरात "थांबा" म्हणाला, लगेच "माफ करा काका" म्हणाला आणि त्यांना पाणी आणून दिलं. हमालाने त्यांना दोरीपलीकडे पाठवलं, पण बॅगही सोबत दिली. भाऊजींनाही आता अडून बसायला शिकायचं होतं. ते कसनुसं तोंड करून म्हणायचे, "अहो, औषधं आहेत हो माझी आत." हे ऐकल्यावर तर तिकीट खिडकीवरची मुलगी स्वतःच बॅगेत औषधं शोधू लागली.

शेवटी ताई उठल्या. त्यांनी पदर खोचला नाही की आवाज चढवला नाही. भाऊजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बॅगेला हात लावू नका. मागे व्हा. अजून मागे." भाऊजी मागे झाले. त्यांच्याबरोबर सगळा वर्गही मागे झाला, आणि दाराशी उभा असलेला मेहुणा जिन्यात गेला. मागे बसून वर्ग पाहणाऱ्या अधिकारीबाईंनी तेवढ्यात, बेवारस दिसू नये म्हणून, हळूच आपली पाण्याची बाटली बाकावरून उचलून हातात घेतली.

त्या दिवसापासून वर्ग ताईंचा झाला. ओरडायचं नाही, त्या सांगायच्या. ओरडतो तो घाबरलेला असतो. माफी मागायची नाही. कारण सांगत बसायचं नाही, एकदा कारण सांगितलं की समोरचा दुसरं कारण काढतो. मागे कुठे जायचं ते मात्र हाताने दाखवायचं, म्हणजे माणूस गोंधळत नाही. आपला हा संसार इतक्या बारकाईने चालवला गेला आहे हे भाऊजींना त्या वर्गातच कळलं.

मोठा सराव झाला तेव्हा सगळा स्टँड त्यात होता. खोटा धूर, खोटे जखमी, खरी रुग्णवाहिका. भाऊजींनी बॅग टपरीशेजारी ठेवली आणि निघाले. एक प्रवासी तिच्याकडे वाकला, तसा टपरीतून आवाज आला, "दादा, हात लावू नका. त्या खांबामागे व्हा." चहावालीने स्टोव्ह बंद केला, पैलवानला खूण केली आणि स्वतःही बाहेर पडली. पैलवानने फोन केला, शिट्टी न फुंकता माणसं मागे घेतली आणि दोरी बांधली. ठरल्याप्रमाणे भाऊजी परत आले आणि बॅग माझी आहे, घेऊन जातो म्हणाले. औषधांचंही म्हणाले.

पैलवानला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पण तो वाटेत उभा राहिला. "काका, बॅग तुमची असेल. पण आत्ता तिला हात लावायचा नाही. मागे चला."

"अहो, पण..."

"मागे."

भाऊजी दोरीमागे गेले. त्यांना जरा लागलं, हे खरं. इतक्या वर्षांत घराबाहेर त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. पण पुढच्याच क्षणी त्यांना इतकं बरं वाटलं की शेजारच्या खोट्या जखमीच्या पाठीवर त्यांनी थाप मारली आणि हाताला रंग लागला. गडबड झाली ती एकच. रुग्णवाहिकेने प्लास्टिकच्या माणसाला उचललं, आणि सराव कुठे संपतो हे ड्रायव्हरला कोणी सांगितलं नसल्याने तो थेट हॉस्पिटलात पोहोचला. संध्याकाळी तिथून फोन आला की तुमच्या पेशंटचं नाव काय लिहायचं.

पैलवान कामावर राहिला. मेहुण्याचं कंत्राट राहिलं, वर मंडळाने त्याला बोटीच्या धक्क्याचंही काम दिलं. ताईंना अधिकारीबाईंनी प्रशिक्षक म्हणून नेमायला लावलं, आणि ऑफिसात खुर्च्या कमी असल्याने प्लास्टिकच्या माणसाला जमिनीवर बसावं लागलं. सकाळी नवरा-बायको आता बरोबरच घराबाहेर पडतात. भाऊजींची बॅग ताई भरतात, आत जुनी चादर घालतात, म्हणजे उचलायला जड नको.

धक्क्यावर पहिल्याच दिवशी एक खलाशी ती बॅग घेऊन फळीवरून पळत आला. भाऊजींनी हसू आवरलं. ताईंनी शिकवलं होतं तसं त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं की पुन्हा असं करू नका, बेवारस बॅगेला हात लावायचा नसतो. खलाशी बिचारा ओशाळला, चुकलं म्हणाला. त्याचं उतरलेलं तोंड पाहून भाऊजींनी ताईंकडे एक चोरटी नजर टाकली, त्या अजून जेटीच्या दुसऱ्या टोकाला आहेत अशी खात्री करून घेतली, आणि त्याला चहा प्यायला घेऊन गेले.